जायबंदी माणसाचा हिशेब

सीमाभागातले कोणतेही वर्तमानपत्र उघडा, मराठी घ्या की कानडी, आतल्या पानावर अपघाताची एक तरी बातमी असतेच. तिचा साचाही ठरलेला असतो : 'ट्रक-जीपची टक्कर, दोन ठार, पाच जखमी.' ठार झालेल्यांची नावे, गावे, वये दिलेली असतात. जखमींना रुग्णालयात हलविले, एवढ्यावर बातमी संपते. त्या पाचांतला एखादा महिनाभराने काठी टेकत घरी येतो आणि पुन्हा कामाला लागतो. एखाद्याचा मात्र पाठीचा कणा मोडलेला असतो. तो पुढची वीस-तीस वर्षे एका खाटेवर काढतो. बातमीच्या लेखी दोघेही 'जखमी'च.

यासाठी वर्तमानपत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आपला कायदाही फार काळ याच भाषेत बोलत आला, आणि पुष्कळसा आजही बोलतो. मोटार अपघाताच्या विम्याचा आपल्या देशातील इतिहास चाळला की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. गेलेल्या माणसाचा हिशेब कायद्याला लवकर मांडता आला. जो वाचला, पण जन्माचा जायबंदी झाला, त्याचा हिशेब मांडायला फार वर्षे लागली आणि तो अजून पुरता जमलेला नाही. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर वास्तविक उलटे व्हायला हवे होते. मृत्यूने मिळवता माणूस जातो आणि उत्पन्न थांबते. जायबंदी होण्याने उत्पन्न तर थांबतेच, शिवाय औषधे, व्यायामोपचार, लघवीची नळी, पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमांची मलमपट्टी, चाकाची खुर्ची असा नवा खर्च सुरू होतो. त्याच्यापाशी बसायला घरातले आणखी एक माणूस कामावरून उठते. एका अपघातात दोघांची कमाई बुडते. या दुसऱ्या हिशेबाकडे आपला कायदा कसकसा वळला, हे पाहण्यासारखे आहे.

आगगाडीच्या काळापासून

इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत एक विचित्र नियम होता. दुसऱ्याच्या हयगयीने जखमी झालेल्या माणसाला स्वतः दावा लावता येई, परंतु तो मेला तर त्याच्या बायकामुलांना काहीच मागता येत नसे. म्हणजे ज्याच्या हातून अपघात घडला त्याला जखमी माणसापेक्षा मेलेला माणूस स्वस्त पडे. आगगाड्या आल्या, अपघात वाढले, आणि १८४६ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा करून हा अन्याय दूर केला. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि १८५५ साली हिंदुस्थानातही त्याच धर्तीवर प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला. मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना भरपाई मागण्याचा हक्क मिळाला.

जखमी माणसासाठी वेगळा कायदा करण्याची गरज त्या वेळी कोणाला वाटली नाही, कारण दाव्याचा हक्क त्याला होताच. पण तो कागदावरचा हक्क. दिवाणी कोर्टात जेवढी रक्कम मागायची त्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरायची, वर्षानुवर्षे तारखा घ्यायच्या, निकाल लागला तर मोटारमालकापाशी द्यायला काही असेल याची खात्री नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर ज्याला पायरी चढण्याइतके पायच राहिले नाहीत त्याने ती चढायची होती.

विम्याची सक्ती

मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालचा. त्यात नोंदणी आणि परवाने होते, विम्याची सक्ती नव्हती. इंग्लंडमध्ये १९३० साली अशी सक्ती आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिच्यासाठी आठवे प्रकरण घातले गेले, पण ते प्रत्यक्ष लागू झाले ते १ जुलै १९४६ पासून. रस्त्यावर आणलेल्या प्रत्येक वाहनाचा निदान 'थर्ड पार्टी' विमा हवा, हे तत्त्व तेव्हापासूनचे. वाहनाचा मालक आणि विमा कंपनी हे करारातले दोन पक्ष. त्या वाहनामुळे ज्याला इजा होते तो तिसरा. आपल्या गाडीचा पत्रा चेपला तर त्याचे पैसे या विम्यातून मिळत नाहीत. ज्याला आपण धडक दिली त्याचे पैसे मिळतात. विमा मालक उतरवतो, पण तो असतो परक्यासाठी. ही कल्पना त्या काळी नवी होती आणि आजही ती अनेकांना नीट ठाऊक नसते.

मात्र विमा कंपनीच्या जबाबदारीला मर्यादा होत्या. मालवाहू गाडीने केलेल्या अपघातासाठी २०,००० रुपये. बसमधल्या एका उतारूसाठी अवघे २,००० रुपये. १९६९ च्या दुरुस्तीने हा दुसरा आकडा ५,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने १५,००० झाला. न्यायाधीशाने उतारूला लाख रुपये मंजूर केले तरी विमा कंपनीने या मर्यादेपुरतेच द्यायचे आणि उरलेले मालकाकडून वसूल करायचे. एकाच अपघातात अनेक जण सापडले तर मालवाहू गाडीचे २०,००० सर्वांत वाटायचे की प्रत्येकाला तेवढे, हाही वाद चालला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८१ साली तो प्रत्येक जखमी माणसाच्या बाजूने सोडवला. सरसकट मर्यादा मात्र १९८८ च्या नव्या कायद्यानेच गेली. तो कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि मृत्यू किंवा शारीरिक इजा यांच्या बाबतीत कोर्ट ठरवील तेवढी रक्कम विमा कंपनीवर बंधनकारक झाली. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा बदल होता. २,००० आणि १५,००० च्या हिशेबात त्याचे आयुष्य बसतच नव्हते.

न्यायाधिकरण आले, सीमाही आली

१९५६ हे वर्ष आपल्या भागात वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी संसदेने मोटार कायद्यात दुरुस्ती करून अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली. दिवाणी कोर्टाच्या लांबलचक वाटेऐवजी साधा अर्ज आणि थोडक्यात चौकशी असा तिचा हेतू होता. अर्जाची मुदत सुरुवातीला फक्त ६० दिवस होती, ती १९६९ च्या दुरुस्तीने सहा महिने झाली.

या तरतुदीत एक मेख होती. अपघात ज्या हद्दीत घडला तिथल्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. देशाच्या मध्यभागी राहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटणार नाही. पण चंदगड, गडहिंग्लज, कागल या बाजूचा माणूस बाजाराला, नात्यात, दवाखान्याला सीमा ओलांडून जातो ती रोजची गोष्ट म्हणून. त्याचा अपघात हद्दीपलीकडे झाला की पंचनामा आणि फिर्याद कानडीत, उपचार मिरजेला नाहीतर पुण्याला, दावा बेळगावला किंवा चिकोडीला. पलीकडच्या माणसाची गत याच्या नेमकी उलट. ठार झालेल्याच्या वतीने भाऊ, मुलगा खेपा घालू शकतो. जायबंदी माणसाला मात्र साक्षीसाठी आणि अपंगत्वाच्या तपासणीसाठी स्वतः जावे लागते, तेही जीपमध्ये आडवे घालून.

ही अडचण १९९४ च्या दुरुस्तीने दूर केली. त्या वर्षी १४ नोव्हेंबरपासून अर्जदाराला तीन वाटा मोकळ्या झाल्या : अपघाताच्या ठिकाणी, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथे, अथवा प्रतिवादी राहतो तिथे. पुढे २०१६ साली, विमा कंपनीचे कार्यालय ज्या हद्दीत आहे तिथे केलेला दावाही केवळ हद्दीच्या मुद्द्यावर फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. भाषेचा प्रश्नही तिथे पोचला. सिलिगुडीकडच्या एका अपघाताचा दावा उत्तर प्रदेशातील फतेहगढ येथे लावला गेला, तेव्हा आपले साक्षीदार बंगाली बोलणारे आहेत म्हणून तो बंगालमध्ये वर्ग करावा, असे वाहनमालकाने मागितले. जुलै २०२३ मध्ये ती मागणी नामंजूर झाली. हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याने साक्षीदारांनी हिंदीत बोलावे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. राज्यघटनेत हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे, राष्ट्रभाषा नव्हे; तेव्हा दुभाषी जिल्ह्यांतल्या वाचकाला ते कारण खटकेल. निकालाचा परिणाम मात्र जखमी अर्जदाराच्या सोयीचाच झाला. दावा त्याने निवडलेल्या जागी राहिला.

चूक कोणाची?

न्यायाधिकरण आले तरी जुनी अट कायम होती. समोरच्या चालकाची हयगय सिद्ध करा, मगच भरपाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट स्पष्ट शब्दांत कायम ठेवली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसावर ही अट किती जड पडते, हे सांगायला नको. ट्रक कोणत्या बाजूने आला, दिवे होते का, वेग किती होता, यातले त्याला काहीच आठवत नसते. जो सर्वांत जास्त मोडला त्याचीच साक्ष सर्वांत दुबळी.

हरियाणातील एका विधवेला आणि तिच्या मुलीला कोर्ट फी परवडत नव्हती. त्या १९७९ सालच्या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी, सरकारी बसने माणूस मारायचा आणि वर कोर्ट फीसाठी त्याच्या बायकोशी भांडायचे, यावर कडक ताशेरे मारले. चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणारा कायदा हवा, हा आग्रह त्या काळात न्यायालयांतून वारंवार होऊ लागला. १ ऑक्टोबर १९८२ पासून तशी तरतूद आली. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये.

निम्मा भाव

हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. मेलेल्याला पंधरा, जायबंदीला साडेसात. ज्याला पुढे जगायचे आहे त्याला निम्मे. १९८८ च्या कायद्यात हेच आकडे २५,००० आणि १२,००० झाले. १९९४ साली ५०,००० आणि २५,०००. धडक देऊन पळून गेलेल्या, पत्ता न लागलेल्या वाहनाच्या बाबतीत तर तफावत आणखी मोठी होती. १९८२ साली मृत्यूला ५,००० आणि गंभीर दुखापतीला १,०००. १९८८ च्या कायद्यात ८,५०० आणि २,०००. १९९४ साली २५,००० आणि १२,५००. १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख आणि ५०,०००. चाळीस वर्षांत रकमा वाढल्या. वाचलेल्याचा वाटा मात्र कधी निम्मा, कधी चौथाई, कधी पंचमांश.

शिवाय 'कायमचे अपंगत्व' म्हणजे काय, याची १९८२ ची व्याख्या पाहावी. एका डोळ्याची दृष्टी जाणे, एका कानाची श्रवणशक्ती जाणे, एखादा अवयव वा सांधा जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हे सारे एका यादीत आणि सर्वांना एकच रक्कम. मानेखाली सर्व शरीर लुळे पडलेला तरुण आणि एका कानाने ऐकू न येणारा माणूस, दोघांनाही ७,५०० रुपये.

'गंभीर दुखापत' हा शब्द तर त्याहून जुना. १८६० च्या दंडसंहितेत तिचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि हाड किंवा दात मोडणे हा त्यांतला एक. मोटार कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा हीच १८६० ची व्याख्या त्यात घेतली गेली. त्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून चूक न पाहता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात. इथेही पुन्हा निम्मे, आणि मोडलेला दात व मोडलेला कणा पुन्हा एका रांगेत.

एक अपवाद घडला. मे २०१८ मध्ये केंद्र सरकारने ठरावीक भरपाईचे जुने कोष्टक बदलून मृत्यूसाठी पाच लाख रुपये ठरवले आणि कायमच्या अपंगत्वासाठी पाच लाखांच्या अपंगत्वाच्या टक्क्याइतकी रक्कम. शंभर टक्के अपंगाला त्यामुळे मृताइतके मोल आले. चार वर्षांनी ते कोष्टक गेले आणि निम्म्याचा हिशेब परत आला.

त्यापूर्वीचे, १९९४ चे कोष्टकही आठवणीत ठेवण्यासारखे आहे. त्यात औषधोपचाराचा खर्च जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला होता आणि गंभीर दुखापतीच्या वेदनांचे मोल ५,००० रुपये. हे आकडे जवळजवळ चोवीस वर्षे तसेच राहिले. अर्थात, चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याची वाट सर्व काळ उघडी होती आणि आजही आहे. जायबंदी माणसाचा खरा हिशेब त्या वाटेवरच हळूहळू मांडला गेला.

न्यायालयांनी शिकवलेली बेरीज

मुंबई-पुणे रस्त्यावरील अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या मुंबईच्या एका वकिलाचे प्रकरण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. त्यात भरपाईचे दोन भाग स्पष्ट मांडले गेले. पैशात मोजता येणारे नुकसान एका बाजूला : उपचार, बुडालेली कमाई, पुढचा खर्च. दुसऱ्या बाजूला पैशात न मोजता येणारे : वेदना, चालण्याबसण्याचे गेलेले सुख, खुंटलेले आयुष्य, मनाचा कोंडमारा. जायबंदी माणसाच्या दाव्यात कोणकोणत्या रकाने भरायचे याचा नमुनाच देशभरच्या न्यायाधिकरणांना मिळाला.

२००२ साली कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात प्रश्न होता कृत्रिम पायाचा. असा पाय काही वर्षांनी झिजतो आणि नवा घ्यावा लागतो. तेव्हा दर वेळी न्यायाधिकरणाकडे पुन्हा यायचे काय? न्यायालय म्हणाले, कायद्यात तशी सोय नाही. एकदा निवाडा झाला की झाला. म्हणून पुढे लागणारा सर्व खर्च पहिल्याच निवाड्यात धरला पाहिजे. हा निर्णय प्रत्येक जायबंदी माणसाच्या घरच्यांनी समजून घ्यावा असा आहे. निवाड्याच्या दिवशी जो खर्च सांगायचा राहिला तो पुढे सांगता येत नाही.

२०१० साली न्यायालयाने आणखी एक भेद समजावला. डॉक्टरांच्या दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाईचा टक्का नव्हे. डावा हात तुटलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व साठ टक्के असेल. तो ड्रायव्हर वा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकेल. तेव्हा माणूस कोणत्या कामावर जगत होता, हे आधी विचारले पाहिजे.

या सगळ्याची बेरीज फेब्रुवारी २०२० च्या एका निकालात दिसते. हरियाणातील बारा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात असता २००७ साली ट्रकने धडक दिली. मेंदूला झालेल्या इजेने तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाइतकी राहिली. न्यायाधिकरणाने अकरा लाखांच्या आसपास रक्कम दिली, उच्च न्यायालयाने ती पंचवीस लाखांवर नेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने व्याजाशिवाय ६२ लाख २७ हजार केली. त्यातला सर्वांत मोठा आकडा तिच्या शुश्रूषेचा आहे. दिवसरात्र मिळून दोन माणसे, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, आणि अठरा हा गुणक. एकंदर २१ लाख ६० हजार. गुणक म्हणजे काय, तर वर्षाच्या गरजेला ज्या आकड्याने गुणले असता एकरकमी ठेव तयार होते आणि तिच्या आधारावर पुढची वर्षे निघतात तो आकडा. मरण पावलेल्यांच्या कमाईसाठी तो कित्येक वर्षे वापरात होता; इथे तो खाटेजवळ बसणाऱ्या माणसाला लावला गेला.

या निकालाचे महत्त्व माझ्या मते रकमेपेक्षा या गुणाकारात आहे. आपल्या घरांत जायबंदी माणसाची शुश्रूषा कोण करते? आई, बायको, बहीण, सून. दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, घास भरवणे, रात्री उठणे. या कामाला कोणी काम म्हणत नव्हते आणि दाव्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. विम्याची जी रक्कम कायद्याने दिली नाही ती खरे तर या बायकांनी आपल्या अंगमेहनतीने भरून काढली. न्यायालयाने पगारी माणसांचा हिशेब धरला, त्यामुळे तिच्या श्रमाला निदान एक आकडा मिळाला.

दुसऱ्या देशांचा अनुभव

एकरकमी पैसे देऊन मोकळे होण्याखेरीज दुसरी पद्धत असू शकते काय? न्यूझीलंडमध्ये न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, आणि १ एप्रिल १९७४ पासून तिथे अपघाताची चूक शोधणेच बंद झाले. जखमीला उपचार, बुडालेल्या कमाईचा मोठा हिस्सा आणि घरची मदत एका सरकारी निधीतून मिळते. इजेबद्दल नुकसानीचा दावा लावण्याचा हक्क त्याबदल्यात काढून घेतला गेला. अमेरिकेतील मिशिगन राज्याने ऑक्टोबर १९७३ पासून मोटार विम्यात आजन्म उपचार आणि शुश्रूषा यांची हमी दिली, तीही रकमेच्या मर्यादेविना. गरज असेल तोवर खर्च मिळत राही. कुटुंबातील माणसाने केलेल्या शुश्रूषेचेही पैसे मिळत.

परंतु हप्ते फार वाढले अशी ओरड झाली. मिशिगनच्या २०१९ च्या कायद्याने कमी संरक्षणाचे पर्याय आणले, शुश्रूषा संस्थांचे दर कापले आणि घरच्यांच्या शुश्रूषेचे पैसे आठवड्याला ५६ तासांपुरते मर्यादित केले. जुने जायबंदी लोक न्यायालयात गेले. नव्या कायद्यापूर्वी ज्यांचा अपघात झाला त्यांना ही काटछाट लावता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जुलैत दिला. श्रीमंत देशातही पहिली कात्री खाटेपाशी बसणाऱ्याच्या मोबदल्याला लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आजची स्थिती

आपल्याकडे २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. जखमींचे 'गंभीर' आणि 'किरकोळ' असे दोन रकाने असतात. जन्माचे जायबंदी किती झाले, याचा रकाना नाही.

काही गोष्टी निश्चित सुधारल्या. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे. स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असलेला वैयक्तिक अपघात विमा दुचाकीला एक लाख आणि मोटारीला दोन लाख होता, तो २०१८ साली पंधरा लाख झाला. मृत्यूइतकीच पूर्ण रक्कम कायमच्या संपूर्ण अपंगत्वालाही मिळते, हे त्याचे वैशिष्ट्य. विम्याच्या कागदावर ही ओळ आहे की नाही, प्रत्येकाने पाहावे. दुचाकीवर मागे बसणाऱ्याबाबत तर अधिकच सावध राहावे. केवळ कायद्यापुरत्या विम्यात मागचा फुकट बसलेला माणूस येत नाही, असे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. आणि आपल्या भागातली जुनी सवय म्हणजे वऱ्हाड मालट्रकमधून न्यायची. २००२ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, मालवाहू गाडीत बसलेला प्रवासी विम्याच्या सक्तीच्या संरक्षणात येत नाही. मालाचा धनी किंवा त्याचा माणूस तेवढा येतो. लग्नाच्या ट्रकमध्ये बसलेल्या पन्नास माणसांपैकी यात कोणीच मोडत नाही.

राहिला मुदतीचा प्रश्न. साठ दिवस, मग सहा महिने असा प्रवास करून १९९४ साली मुदत पूर्ण उठली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली, आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करणे बंधनकारक झाले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाला. अंतिम निकालाच्या भरवशावर मात्र कोणी बसू नये.

कारण जायबंदी माणसाचे पहिले सहा महिने कसे जातात, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. एक शस्त्रक्रिया, दुसरी शस्त्रक्रिया, पाय हलतील या आशेने एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणे, कर्ज, नवस. पाय परत येणार नाहीत हे घरात कोणीतरी मोठ्याने म्हणेपर्यंत सहा महिने सरलेले असतात. तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी, आणि त्यांच्या शेजारीपाजारी असणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांनी, एवढे करावे : फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल पहिल्याच महिन्यात काढावी, ती कानडीत असेल तर मराठी भाषांतर करून ठेवावे, औषधाची प्रत्येक पावती जपावी, अपंगत्वाचा दाखला घ्यावा, अर्ज आपल्या गावाच्या जवळच्या न्यायाधिकरणात करावा. आणि वकिलाला खर्च सांगताना, खाटेपाशी कोण बसते, ती पूर्वी काय काम करीत होती आणि दिवसाचे किती तास तिथे जातात, हे सर्वांत आधी सांगावे.